निधी आणून देण्याचा धंदा: वॉशिंग्टनकडं बघून सुचलेलं

आपल्याकडं 'लॉबिंग' हा शब्द कसा वापरतात बघा. कुणाचं तिकीट कापलं गेलं की "त्यानं दिल्लीत लॉबिंग केलं". बदली झाली की "वरून लॉबिंग झालं". म्हणजे वशिला हाच शब्द, फक्त इस्त्री केलेला. अमेरिकेत मात्र हा उघड धंदा आहे. ऑफिसला पाटी असते, संसदेकडं नोंदणी असते, कुणाकडून किती पैसे घेतले आणि कशासाठी, हे दर तीन महिन्यांनी लिहून द्यावं लागतं. ते कागद तुम्ही-आम्ही इथं बसून मोबाईलवर उघडून वाचू शकतो.

या धंद्याची एक शाखा अशी आहे की तिचं काम एकच: गिऱ्हाईकाला वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा पैसा मिळवून देणं. गिऱ्हाईक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं शस्त्रांच्या किंवा औषधांच्या कंपन्या येतात. त्या आहेतच. पण यादीत विद्यापीठं आहेत, महानगरपालिका आहेत, इस्पितळं आहेत, पाणीपुरवठा मंडळं आहेत, आदिवासी जमातींची स्वतःची सरकारं आहेत. हे जरा नीट ऐका. एक सरकार दुसऱ्या सरकारकडून जनतेचा पैसा मिळवायला तिसऱ्या, खासगी माणसाला महिन्याच्या महिन्याला पैसे देतं.

एम.ए.च्या पेपरासाठी मी हा विषय घेतला तेव्हा सर म्हणाले, "आपल्याला काय त्याचं?" मला वाटतं, आपल्याला बरंच आहे त्याचं. या धंद्याचा मला राग येतो. आणि त्याच्याकडून आपण काहीतरी उचलायला पाहिजे असंही वाटतं. दोन्ही एकदमच वाटतंय, म्हणून हे लिहितेय.

आधी पैसा निघतो कसा ते बघू. अमेरिकेच्या संविधानाचं पहिलंच कलम सांगतं की कायद्यानं तरतूद केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. म्हणजे चावी काँग्रेसकडं, त्यांच्या संसदेकडं. अध्यक्ष अर्थसंकल्प पाठवतो, पण तो प्रस्ताव. एखादी योजना करायला मंजुरी देणारा कायदा वेगळा आणि तिच्यात यंदा इतके डॉलर टाका म्हणणारा कायदा वेगळा. हे आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही. "काम मंजूर आहे, पण निधी नाही" हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. दरवर्षी खर्चाची बारा विधेयकं असतात, प्रत्येकासाठी दोन्ही सभागृहांत विनियोजन समितीची एकेक उपसमिती, आणि आर्थिक वर्ष सुरू होतं १ ऑक्टोबरला. पाणी, रस्ते, शाळा, संशोधन, सैन्य, सगळं या बारांपैकी कुठल्यातरी एका कप्प्यात. काही पैसा लोकसंख्या वगैरे सूत्रानं आपोआप राज्यांना वाटला जातो. काही पैशासाठी स्पर्धा असते, अर्ज मागवतात, गुण देतात. आणि काही पैसा असा की त्या कायद्यात किंवा त्याला जोडलेल्या अहवालात ओळच लिहिलेली असते: अमुक गावाच्या अमुक कामाला इतके डॉलर. या ओळीला तिकडं 'इयरमार्क' म्हणतात. गुराच्या कानाला खूण करतात ना, आपलं-परक्याचं ओळखायला? शब्द तिथूनच आलाय.

ही ओळ विकत मिळवून देता येते, हे धंद्याच्या रूपात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दाखवलं ते दोघांनी. जेराल्ड कॅसिडी आणि केनेथ श्लॉसबर्ग. दोघंही सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्नच्या पोषण आणि भूक या विषयावरच्या समितीत कर्मचारी होते. म्हणजे गरिबांच्या पोटाच्या प्रश्नावर काम करणारी माणसं. १९७५ मध्ये त्यांनी नोकरी सोडून फर्म काढली. थोड्याच दिवसांत गिऱ्हाईक आलं: ज्याँ मेयर. हा नावाजलेला पोषणतज्ज्ञ १९७६ मध्ये बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. टफ्ट्सची पंचाईत अशी की शेजारी हार्वर्ड आणि एमआयटी. संशोधनाचा सरकारी पैसा शास्त्रज्ञांच्या समित्या अर्ज तपासून देणार, आणि अर्जात प्रयोगशाळा कुणाची चांगली दिसणार? ज्याच्याकडं आधीच आहे त्याची.

मग या मंडळींनी वेगळाच दरवाजा शोधला. म्हातारपणातल्या पोषणावर राष्ट्रीय केंद्र हवं, अशी कल्पना मांडली. ती आरोग्य खात्यात नाही, तर कृषी खात्याच्या खर्चाच्या विधेयकात बसवली. त्या भागाचा खासदार टिप ओ'नील तेव्हा प्रतिनिधीगृहाचा सभापती होता, ही गोष्ट अर्थातच मदतीला आली. इमारतीसाठी सुमारे दोन कोटी डॉलर मिळाले. ते केंद्र आजही बॉस्टनमध्ये उभं आहे, आजही कृषी खात्याचंच आहे, आणि त्याला मेयरचंच नाव आहे. वाईट काम झालं असं कुणी म्हणू शकत नाही. पण बाकीच्या विद्यापीठांनी काय धडा घेतला असेल? शास्त्रज्ञांच्या समितीकडं अर्ज करण्यापेक्षा कॅसिडीकडं जा! १९८३ मध्ये कोलंबिया आणि कॅथलिक विद्यापीठ यांच्या इमारतींचा पैसा असाच, समितीच्या तपासणीशिवाय थेट सभागृहातून मिळाला तेव्हा मोठ्या विद्यापीठांच्या संघटनेनं आरडाओरडा केला. गुणवत्तेवर पैसा द्या, ओळखीवर नको. मेयरचं उत्तर साधारण असं होतं की तुमची गुणवत्ता म्हणजे काल ज्याला मिळालं त्यालाच आज देणं.

मला दोघांचंही पटतं, आणि इथंच अडचण आहे. आपल्याकडंही निकष लावून वाटायला बसलं की निकष शहरातल्या कॉलेजांना बरोबर बसतात, आणि निकष सोडले की आमदाराच्या पाहुण्यांना.

आता फर्म करते काय, ते बघा. ब्रीफकेसमधून नोटा नेणं हे चित्र डोक्यातून काढा. तसंही झालंय, पुढं सांगते. पण रोजचं काम फार कंटाळवाणं आहे आणि त्यातच त्याची किंमत आहे. समजा एका लहान शहराला दहा गोष्टी हव्या आहेत. फर्म आधी त्यातल्या सात-आठ कापते. उरलेल्या कामांना विचारते: हे कुठल्या विधेयकात बसतं? कुठल्या खात्यात? पाण्याची पाईपलाईन असेल तर ती पर्यावरण संस्थेच्या पाण्याच्या निधीत जाऊ शकते, पण तिथं साधारणपणे वीस टक्के वाटा स्वतः घालावा लागतो. तो आहे का? नसेल तर अर्ज करून उपयोग नाही. अग्निशमन केंद्राची इमारत हवी असेल तर, हे वाचून मला हसू आलं, लहान गावासाठी ती कृषी खात्याच्या ग्रामीण विकास निधीत बसते. अग्निशमन, आणि कृषी खातं! हे गावच्या सरपंचाला कोण सांगणार? हेच सांगायचे पैसे आहेत.

मग वेळापत्रक. खासदारांकडं मागण्या घ्यायची खिडकी वसंत ऋतूच्या आसपास थोडे आठवडे उघडी असते. त्याआधी खर्चाचा अंदाज तयार पाहिजे, इंजिनियरचा कागद पाहिजे, गावातल्या शाळा-संस्थांची पाठिंब्याची पत्रं पाहिजेत. खासदार स्वतः हे वाचत नाही, त्याच्या ऑफिसातला पंचवीस-सव्वीस वर्षांचा कर्मचारी वाचतो. म्हणजे आपल्याच वयाचा पोरगा. त्याला एका पानात पटलं पाहिजे. मागणी उपसमितीकडं गेली की तिथल्या कर्मचाऱ्यांच्या मागं लागायचं. विधेयकात ओळ नाही मिळाली तर अहवालात एक वाक्य घालून घ्यायचं, की समितीला अशा प्रकारच्या कामांबद्दल आस्था आहे. ते वाक्य कायदा नसतं, पण खात्यातला अधिकारी पुढच्या वर्षी त्याच समितीपुढं पैसे मागायला येणार असतो, म्हणून त्याला ते ऐकू येतं.

आता आपलं निवेदन आठवा. "वरील विषयास अनुसरून" पासून सुरू, खाली तीस सह्या, मान्यवरांच्या हातात देताना फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. मागणी शंभर टक्के न्याय्य असते. पण त्यात रक्कम नसते. खातं नसतं. तारीख नसते. कुठल्या योजनेच्या कुठल्या लेखाशीर्षात हे बसतं ते नसतं. आपण भावना पोचवतो, आणि पलीकडचा माणूस ती सन्मानानं फाईलला लावून ठेवतो. वॉशिंग्टनमधली फर्म ज्याचे पैसे घेते ते काम एवढंच: मागणीची ओळ करून देणं.

फीबद्दल एक जुना किस्सा सांगायलाच पाहिजे, कारण त्यातला माणूस आपल्याला जवळचा वाटेल. निकोलस ट्रिस्ट. १८४८ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातलं युद्ध ज्या तहानं थांबलं तो तह अमेरिकेतर्फे यानं केला. त्याच तहानं कॅलिफोर्नियासकट प्रचंड मुलूख मेक्सिकोतून अमेरिकेत गेला आणि स्पॅनिश बोलणारी माणसं घरात बसल्या-बसल्या दुसऱ्या देशात गेली. (सीमा सरकली, माणसं नाही. यावर मी जास्त बोलत नाही.) गंमत अशी की अध्यक्षांनी ट्रिस्टला मध्येच परत बोलावलं होतं आणि तो न ऐकता तिथंच थांबून तह करून आला. म्हणून त्याच्या मेहनतान्याचा प्रश्न लोंबकळला. कितीतरी वर्षांनी त्यानं लायनस चाइल्ड नावाच्या वकिलाशी करार केला: काँग्रेसकडून पैसे मिळवून दे, जे मिळेल त्यातला चौथा हिस्सा तुझा. १८७१ मध्ये काँग्रेसनं १४,५५९ डॉलर मंजूर केले. ट्रिस्टनं हिस्सा द्यायला नकार दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८७४ च्या निकालात कोर्टानं सांगितलं की असा करारच सार्वजनिक हिताविरुद्ध, म्हणून रद्दबातल. ज्यानं पैसे मिळवून दिले त्याला काहीच मिळालं नाही!

तेव्हापासून 'मिळाले तर टक्का' हा प्रकार तिकडं वाईट समजला जातो, केंद्राच्या कंत्राटांच्या नियमांत त्यावर बंधनं आहेत. म्हणून फर्म ठरलेली महिन्याची फी घेतात. मिळो न मिळो, फी चालू. आपल्याकडचा एजंट याच्या बरोबर उलटा, काम झाल्यावर टक्का. कुठलं बरं? मला वाटायचं की टक्का बरा, निदान काम तरी होतं. पण टक्केवारीवाला माणूस कामाची रक्कम फुगवणारच, त्याचा वाटा त्यातच आहे. पुलाचं अंदाजपत्रक का वाढतं याचं उत्तर शोधायला अमेरिकेला जायला नको.

कॅसिडीच्या फर्मनं अजून एक कायदा जन्माला घातला, नकळत. १९८९ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठानं निधीसाठी त्यांना नेमल्याचं बाहेर आलं. त्या राज्याचा सिनेटर रॉबर्ट बर्ड हा तेव्हा सिनेटच्या विनियोजन समितीचा अध्यक्ष. म्हणजे ज्याच्या हातात चावी तो आपल्याच राज्याचा, आणि विद्यापीठ चावी मागायला बाहेरच्या माणसाला पैसे देतंय! बर्ड खवळला. त्यानं कायदा करून घेतला की केंद्राकडून मिळालेला पैसा केंद्राचाच आणखी पैसा मिळवायच्या लॉबिंगवर खर्चता येणार नाही. चांगला कायदा आहे. पण बर्डबद्दल फार भाबडं राहू नका. स्वतःच्या राज्यात त्यानं इतका पैसा ओढून नेला की तिथले रस्ते, इमारती, पूल यांवर जागोजागी त्याचंच नाव दिसतं. त्याला राग लॉबिंगचा नव्हता. श्रेय दुसरा नेतोय याचा होता, असं माझं मत.

घोटाळे झाले. ते सगळे सांगत बसत नाही. रँडी 'ड्यूक' कनिंगहॅम नावाच्या खासदारानं संरक्षणाच्या कंत्राटदारांकडून चोवीस लाख डॉलरची लाच घेतली आणि तुरुंगात गेला. पीएमए नावाची फर्म, जिचा मालक पूर्वी संरक्षण खर्चाच्या उपसमितीतच नोकरीला होता, ती २००८ च्या धाडीनंतर बंद पडली. मालकाला शिक्षा झाली ती दुसऱ्यांच्या नावानं निवडणुकीच्या देणग्या दिल्याबद्दल. ओळखीचं वाटतंय ना सगळं?

पण एका प्रकरणावर थांबायला हवं. जॅक अब्रामॉफ. हा लॉबिस्ट कॅसिनो चालवणाऱ्या आदिवासी जमातींकडून कोट्यवधी डॉलर घ्यायचा, आणि पाठीमागं त्यांचीच टिंगल करायचा. त्याचे ईमेल बाहेर आले तेव्हा ते दिसलं. २००६ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला. त्याच्या गिऱ्हाईकांत मिशिगनमधली सॅगिनॉ चिप्पेवा जमात होती, कॅसिनोमुळं श्रीमंत झालेली. तिला शाळेच्या इमारतीसाठी तीस लाख डॉलर मिळाले ते अशा योजनेतून, जी मोडकळीला आलेल्या गरीब आदिवासी शाळांसाठी होती. विचार करा. 'आदिवासी शाळा' या लेबलाखाली पैसा आला, आदिवासी शाळेलाच गेला, कागदावर सगळं बरोबर. फक्त ज्या शाळेचं छप्पर गळत होतं तिला लॉबिस्ट परवडत नव्हता.

माझा राग इथला आहे. 'सीमाभाग' या लेबलाखाली येणाऱ्या पैशाबद्दलही हाच प्रश्न विचारायची आपली तयारी पाहिजे. लेबल आपलं आहे म्हणून आनंद मानायचा, की आत कुणाचं छप्पर गळतंय ते बघायचं?

सगळ्यात गाजलं ते मात्र वेगळंच प्रकरण, अलास्कातला पूल. २००५ च्या रस्तेबांधणीच्या कायद्यात सहा हजारांहून जास्त इयरमार्क होते. त्यात केचिकन या आठेक हजार वस्तीच्या गावाला समोरच्या ग्रॅविना बेटाशी जोडायला बावीस कोटी तीस लाख डॉलर. बेटावर राहतात पन्नासच्या आसपास माणसं. झालं. 'कुठंच न जाणारा पूल' म्हणून देशभर टिंगल. पूल झाला नाहीच. पण एक गोष्ट त्या हसण्यात बुडाली: केचिकनचा विमानतळ त्याच बेटावर आहे, आणि विमान पकडायला माणसं फेरीबोटीनं जातात. इतका महाग पूल हवा होता असं मी म्हणत नाही. पण राजधानीत बसून नकाशा बघणाऱ्याला कडेचं गाव नेहमीच 'कुठंच नाही' असं दिसतं. आपल्याला तरी हे हसणं इतक्या सहज जमू नये.

या सगळ्याचा परिणाम म्हणून २०११ पासून इयरमार्क बंद झाले. आणि लॉबिंग फर्म बंद झाल्या का? छे. ओळ मिळत नाही तर स्पर्धेतल्या अनुदानाचे अर्ज लिहून देऊ लागल्या, खात्यांतल्या अधिकाऱ्यांच्या भेटी ठरवू लागल्या, खासदारांकडून खात्याला पत्रं पाठवू लागल्या. काँग्रेसमधली उघड ओळ गेली आणि खात्यातला फोन राहिला. ओळ निदान वाचता येत होती.

दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, इयरमार्क परत आणले. नाव बदललं, प्रतिनिधीगृहात 'सामुदायिक प्रकल्प निधी' अशा अर्थाचं काहीतरी सोज्वळ नाव आहे. पण नियमही बदलले, आणि ते नियम मला आवडले. नफा कमावणाऱ्या कंपनीला पैसा नाही. प्रत्येक खासदारानं आपली प्रत्येक मागणी नाव, पत्ता, रक्कम यांसह स्वतःच्या वेबसाइटवर टाकायची. माझा किंवा माझ्या घरच्यांचा यात आर्थिक फायदा नाही असं लिहून द्यायचं. एकूण खर्चाला मर्यादा. सरकारी लेखापरीक्षक नंतर तपासणार. २०२२ च्या आर्थिक वर्षात अशी ४,९६३ कामं होती, सुमारे ९ अब्ज डॉलरची. पुढच्याच वर्षी ७,२३४ कामं आणि १५ अब्जांच्या वर. मग २०२५ च्या मार्चमध्ये काँग्रेसनं उरलेल्या वर्षासाठी सरसकट एकच खर्चाचं विधेयक मंजूर केलं आणि त्यात ह्या ओळी नव्हत्याच. हजारो गावांनी वर्षभर केलेली तयारी एका झटक्यात बाद. फी अर्थातच महिन्याची होती.

आता, हा सगळा खटाटोप फायद्याचा ठरतो का? यावर चांगलं संशोधन आहे. डी फिगेरेडो आणि सिल्व्हरमन या दोघांनी २००६ मध्ये विद्यापीठांचा हिशेब मांडला. ज्या विद्यापीठाचा सिनेटर विनियोजन समितीत आहे त्याला लॉबिंगच्या एका डॉलरमागं सरासरी ११ ते १७ डॉलरचे इयरमार्क मिळाले. ज्याचा प्रतिनिधीगृहातला खासदार त्या समितीत आहे त्याला २० ते ३६. आणि ज्याचं कुणीच समितीत नाही? जवळजवळ शून्य. म्हणजे लॉबिस्ट दार उघडत नाही. दार आतून उघडणारा आपला असेल तर तो त्या दारापर्यंत वेळेत पोचवतो, एवढंच. दुसरा एक अभ्यास २०१२ चा: सिनेटरच्या ऑफिसात पूर्वी काम केलेले लॉबिस्ट, तो सिनेटर पद सोडून गेला की त्यांची कमाई सरासरी २४ टक्क्यांनी घसरते. ज्ञान डोक्यात तसंच आहे, ते काही एका रात्रीत उडून जात नाही. म्हणजे गिऱ्हाईक त्या २४ टक्क्यांत ओळख विकत घेत होतं. वशिला तिथंही आहे, फक्त तिथल्या अभ्यासकांना तो टक्क्यांत मोजता आला. कारण नोंदवही आहे.

आणि तिसरा अभ्यास, जो वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. गोल्डस्टीन आणि यू या दोघींनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शहरांचं लॉबिंग तपासलं. ज्या शहरांचं राजकारण आपल्या राज्याच्या राजकारणाशी जुळत नाही ती शहरं वॉशिंग्टनमध्ये लॉबिस्ट नेमायची शक्यता जास्त, असं त्यांना दिसलं. राज्याच्या राजधानीत आपलं ऐकलं जात नाही, म्हणून राज्य ओलांडून थेट केंद्राकडं. हे मी बेळगावात बसून वाचत होते, एवढंच सांगते.

आपल्याकडं असा काही कायदाच नाही. २०१२ च्या डिसेंबरात वॉलमार्टनं भारतातल्या प्रवेशासाठीही लॉबिंगवर खर्च केल्याचं कळलं आणि आपल्या संसदेत गदारोळ झाला, चौकशीला निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांना नेमलं. पण ते कळलं कुठून? वॉलमार्टनं अमेरिकेच्या १९९५ च्या कायद्याप्रमाणं तिथं जे कागद भरले होते त्यातून. आपल्या नोंदवहीतून कळायचा प्रश्नच नव्हता, कारण ती नव्हती आणि अजून नाही. २०१३ मध्ये ओडिशाचे खासदार कलिकेश सिंग देव यांनी लॉबिंग उघड करायला लावणारं खासगी विधेयक आणलं. त्याचा कायदा झाला नाही. खासदार निधीचं घ्या, वर्षाला पाच कोटी. झालेलं काम दिसतं. ते कुणाच्या सांगण्यावरून झालं ते दिसत नाही.

वर्गातल्या एका मित्राचं म्हणणं आहे की नोंदवही म्हणजे दलालीला सरकारी शिक्का. आज निदान लाज तरी आहे, उद्या व्हिजिटिंग कार्ड छापतील. त्याचं अगदीच चुकीचं नाही. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात केंद्र पातळीवरच्या लॉबिंगवर ४ अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला, तोही नोंदलेला, आणि नोंद झाली म्हणून तो काही कमी झाला नाही. पण मी त्याला विचारलं, आज आपल्या तालुक्यात कुणाचं ऐकलं जातं ते तुला माहीत आहे ना? तर म्हणाला, सगळ्यांनाच माहीत आहे. मग सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कागदावर का नको? तिथला गावकरी निदान कागद दाखवून म्हणू शकतो की बघा, शेजारच्या गावानं इतके पैसे देऊन माणूस नेमला आणि आमच्या वाट्याचं तिकडं गेलं. आपण कट्ट्यावर बसून म्हणतो.

आणि फर्म नेमायला पैसे नसले तरी फर्मचं अर्धं काम करायला पैसे लागत नाहीत. ओळखीचा भाग आपल्याकडं नाही, तो जमवणं आपल्या हातात फारसं नाही. पण कुठलं खातं, कुठली योजना, स्वतःचा वाटा किती, कधीपर्यंत, हा भाग म्हणजे वाचन आहे आणि फोन करणं आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी संविधानात ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमं आहेत, दुसऱ्यात तर राष्ट्रपतींना अहवाल देणारा अधिकारीच आहे. महाराष्ट्र सरकारनं ८६५ गावांना आरोग्य योजना लागू केली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच आहे: कुठला कागद, कुणाच्या टेबलावर, कधीपर्यंत?

मी आणि वर्गातल्या दोघी मिळून सध्या एक तक्ता करतोय. आमच्या तालुक्यातली तीनच कामं घेतली आहेत: एक वाचनालय, एका मराठी शाळेचं स्वच्छतागृह, आणि एका वाडीचा रस्ता. रकाने पाच: काम, खातं, योजना, आपला वाटा, शेवटची तारीख. पहिला रकाना पाच मिनिटांत भरला. दुसऱ्याला तीन आठवडे लागले, कारण वाचनालयाचं कुणाकडं येतं यावर दोन ऑफिसांचं एकमत नव्हतं. शेवटचा रकाना अजून रिकामाच आहे. खानापूर, निपाणी, कारवार, भालकी, कुठूनही असाल आणि घरात कुणी पंचायतीत, तालुक्याला किंवा ट्रेझरीत काम करत असेल, तर त्यांना एवढंच विचारून कळवा की पुढच्या वर्षीच्या कामांची यादी त्यांच्याकडं कुठल्या महिन्यात बंद होते.